एवढ्या लांब जाऊन झाडं बघायची का?

प्रश्न: नमस्कार. सोलापुरात आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. मुलगी इटलीत पादुआ युनिव्हर्सिटीत शिकतेय, जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. ती म्हणते आई, आमच्या युनिव्हर्सिटीची बोटॅनिकल गार्डन तू बघच, आणि हे म्हणतात एवढे पैसे घालून गेल्यावर व्हेनिस सोडून झाडं काय बघायची, झाडं सोलापुरात नाहीत का. खरंच अर्धा दिवस घालवण्यासारखं आहे का? भाषेची अडचण येईल का?
- एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, बघाच. ही बाग मुळात शोभेसाठी लावलेलीच नाही, तुमच्या धंद्यात रोज जी डोकेदुखी असते ना त्यातूनच ती निघालीय. सीता अशोकाची साल मागवावी आणि पोत्यातून बंगल्यांपुढच्या त्या उंच सरळसोट खोट्या अशोकाची निघावी, वाळलेल्या सालीवरून ओळखणार कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको. पावणेपाचशे वर्षांपूर्वी तिकडे अगदी हेच चालू होतं. औषध म्हणजे तेव्हा जास्त करून झाडपाला नि मुळ्याच, पण जुन्या ग्रंथात लिहिलेली वनस्पती नेमकी कुठली यावर वैद्यांचंच एकमत नाही, वर भेसळ, आणि भोगायचं पेशंटने. मग तिथे औषधी वनस्पती शिकवणारे प्राध्यापक फ्रांचेस्को बोनाफेदे मागे लागले की पोरांना जिवंत झाड दाखवायला जागा द्या, आणि १५४५ साली व्हेनिसच्या सरकारने (पादुआ तेव्हा त्यांच्याच ताब्यात होतं) बाग मंजूर केली. मूळच्या जागेवरच अजून चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी युनिव्हर्सिटी बाग ती हीच, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

आत गेलात की गोल भिंत दिसेल, ती का बांधली ते ऐका. औषधी झाडं महाग, रात्री लोक येऊन चोरून न्यायचे, शिक्षेची भीती घालूनही थांबेनात, म्हणून १५५२ मध्ये ही भिंत घातली. भिंतीच्या आत चौकोन, त्याचे चार भाग, त्यात छोटे छोटे वाफे. विषारी झाडांचा भाग वेगळा आहे, तिथे तुम्ही रेंगाळणार हे मी आत्ताच सांगते, मात्रा चुकली की औषधाचं विष होतं हे दुकानात बसणाऱ्याला पाठच असतं.

पण खरा वेळ द्या तो एका ताडाच्या जातीच्या झाडाला. काचेच्या अष्टकोनी घरात आहे, १५८५ ला लावलेलं. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये इथे आला, त्याने खालपासून वरपर्यंतची पानं नीट बघितली, कोवळं पान साधं, भाल्याच्या पात्यासारखं, पुढचं मधूनच चिरलेलं, त्यापुढचं पुरता पंखा. माळ्याकडून ही पानं क्रमाने कापून घेऊन तो ती पुठ्ठ्यात जपून घेऊन गेला, आणि झाडाचे वेगवेगळे भाग एकाच पानाची बदललेली रूपं आहेत हा विचार त्याने १७९० मध्ये मांडला. त्या झाडाला आता गटेचं पाम म्हणतात. मी तिथे उभी राहून तो क्रम डोळ्याने शोधत बसले, साध्या पानावरून चिरलेल्यावर आणि तिथून पंख्यावर नजर गेली तेव्हा अंगावर काटा आला, तुम्हीही तसंच करून बघा.

१७५० चा गिंको वृक्ष पण चुकवू नका. गिंकोत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, हा मूळचा नर, पण विद्यार्थ्यांना शिकवता यावं म्हणून त्यावर मादीची फांदी कलम केलीय. १६८० चा चिनार बुंध्यात पोकळ झालाय आणि तरी हिरवागार आहे. २०१४ ला उघडलेली मोठी काचघरं हवामानाप्रमाणे लावलीत, पावसाळी जंगलापासून वाळवंटापर्यंत, ती जरा भराभर बघितली तरी चालेल असं माझं मत, जीव जुन्या बागेत आहे.

भाषेची काळजी सोडा, पाट्यांवर लॅटिन नावं असतात, मालाच्या बिलावरची बरीच नावं ओळखीची निघतील. जूनमध्ये ऊन आपल्याला नवीन नाही पण तिकडे दमट असतं आणि डास असतात, फुल बाह्या घाला, सकाळीच जा, तीन तास ठेवा. वेळ आणि सुट्टीचा वार वेबसाईटवर बघून घ्या. व्हेनिस ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर आहे, ते दुसऱ्या दिवशी आरामात होईल, ह्यांनाही सांगा. आणि ह्यांना बरोबर न्याच, दुकानात माल तेही बघतात ना.

प्रश्न: मी बीएस्सीला आहे, बॉटनी, सोलापूर. परदेश काही जमणार नाही. जवळपास युनिव्हर्सिटीची अशी बाग आहे का?

उत्तर: आहे की, कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात बॉटनी डिपार्टमेंटची. सह्याद्रीतली दुर्मिळ कंदीलपुष्पं तिथे जपून वाढवलीत, ती बघायला तरी जाच. फुलाची नळी असते, आत खाली वळलेले केस, बारकी माशी आत जाते नि अडकते, मग केस कोमेजले की परागकण घेऊन सुटते. पुस्तकातली आकृती बघणं वेगळं आणि भिंग लावून ती नळी बघणं वेगळं. पावसाळ्यात जा, फुलं तेव्हाच असतात, आणि निघण्याआधी डिपार्टमेंटला विचारून परवानगी घे, कॉलेजच्या मॅडमकडून पत्र नेलंस तर अजून सोपं जाईल.