हॉटेलातली यंत्रं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या खाद्यव्यावसायिकांनी, आणि एका गिऱ्हाइकानेही, हॉटेलातल्या स्वयंचलित यंत्रणांबद्दल विचारलेले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : नौपाड्यात आमचं चाळीस खुर्च्यांचं उपाहारगृह आहे. वेटर चिठ्ठीवर ऑर्डर लिहून आत ओरडून सांगतात. आता टॅब, बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि भटारखान्यात दोन प्रिंटर असा प्रस्ताव आला आहे. पैसे भरण्याआधी काय बघावं?

सॉफ्टवेअर कुठलं, यापेक्षा टॅबवरची ऑर्डर तव्याजवळच्या कागदावर न चुकता पोचते का, हे आधी बघा. 'केओटी (भटारखान्यात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) आलीच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमुळे नसते, राउटर आणि प्रिंटर यांच्यामुळे असते. वीज जाऊन परत आली की राउटर प्रिंटरला नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, देऊ शकतो, टॅब मात्र जुन्याच पत्त्यावर चिठ्ठी पाठवत राहतो. म्हणून बसवतानाच प्रत्येक प्रिंटरचा पत्ता कायमचा बांधून घ्या. प्रिंटरला वायफाय नको, लॅनची केबलच ओढा. स्टीलची कपाटं, फ्रीज आणि एक्झॉस्टचा हूड यांच्या गर्दीत वायफाय टिकत नाही. गिऱ्हाइकांसाठी वायफाय द्यायचं असेल तर ते वेगळं ठेवा.

कागद ८० मिलिमीटर रुंदीचा घ्या. त्यावर नेहमीच्या अक्षरात ओळीला ४८ अक्षरं बसतात, ५८ मिलिमीटरवर ३२. 'कमी तिखट, कांदा नको, पार्सल' एवढं लिहायला ३२ अपुरी पडतात. थर्मल कागद उष्णतेनेच काळा होतो, त्यामुळे तव्याशेजारी लावलेली चिठ्ठी वाचेपर्यंत करडी पडते. प्रिंटर वाफेच्या बाहेर, खांद्याच्या उंचीवर लावा. भटारखाना अगदीच अरुंद असेल तर तिथे रिबनचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घ्या. तो आवाज करतो, पण चिठ्ठी काळवंडत नाही, आणि तो आवाज आचाऱ्याच्या कामाचाच असतो.

आचाऱ्याला मराठीत चिठ्ठी हवी असेल तर प्रात्यक्षिक आधी मागा. अनेक प्रिंटरांमध्ये देवनागरी अक्षरं नसतात, सॉफ्टवेअरला ती चित्र म्हणून पाठवावी लागतात. 'थालीपीठ', 'कोथिंबीर वडी', 'उपवासाची मिसळ' हे तीन पदार्थ छापून बघा. जोडाक्षर फुटलं किंवा वेलांटी भलतीकडे गेली तर व्यवहार थांबवा.

सगळ्यात जास्त घोटाळा नव्या पदार्थाने होतो. मेनूत 'आंबा पियुष' घातलं, पण ते कुठल्या प्रिंटरवर छापायचं हे ठरवलं नाही, तर बिल बनतं आणि चिठ्ठी कुठेच निघत नाही. नवा पदार्थ घातला की एक खोटी ऑर्डर टाकून चिठ्ठी हातात घ्या. रद्द केलेल्या पदार्थाचीही चिठ्ठी आत छापली गेलीच पाहिजे, नाहीतर रद्द झालेला डोसा तव्यावर पडतोच. काउंटर, राउटर आणि दोन्ही प्रिंटर यूपीएसवर ठेवा. यूपीएसवर काय चालतं ते वायर उपटूनच तपासा. क्रमांक छापलेलं कार्बनचं केओटी बुक गल्ल्यात ठेवा आणि पहिले सात दिवस दोन्ही पद्धती बरोबर चालवून रोज रात्री ताळा करा.

प्रश्न : ऐरोलीत आयटी कंपन्यांची दुपारची गर्दी असते. कागदाऐवजी भटारखान्यात स्क्रीन लावावा का?

एक ते दोनच्या दरम्यान पन्नास-साठ चिठ्ठ्या येत असतील तर लावा, पण 'एकूण' दाखवणारा स्क्रीन घ्या. वेगवेगळ्या बारा ऑर्डरींमधले मसाला डोसे मिळून सतरा, असा एकच आकडा तव्यावरच्या माणसाला दिसला पाहिजे. स्क्रीनचा खरा फायदा हाच आहे. ओल्या किंवा तेलकट बोटाला टचस्क्रीन नीट दाद देत नाही. म्हणून बटणांची पट्टी, म्हणजे बंप बार, बरोबर घ्या. ऑर्डर पिवळी आणि लाल किती मिनिटांनी व्हावी हे पदार्थागणिक ठरवा. चहाला आणि बिर्याणीला एकच वेळ लावली तर स्क्रीन कायम लाल दिसतो आणि मग त्याकडे कोणी बघत नाही.

प्रश्न : नेरुळमध्ये मिसळीचं दुकान आहे. स्टॉकचं सॉफ्टवेअर घेतलं, पण मटकी कायम उणे दाखवतं आणि तेल दर आठवड्याला कमी भरतं. चोरी होते आहे का?

कामगारांवर संशय घेण्याआधी चार गोष्टी मोजा. विश्वास एकदा मोडला की कुठलंही यंत्र तो परत आणून देत नाही.

पहिली गोष्ट मटकीची. तुम्ही विकत घेता कोरडी आणि वाढता मोड आलेली, शिजलेली. समजा प्लेटला शिजलेली मटकी १२० ग्रॅम लागते आणि तुमच्याकडे एक किलो कोरड्या मटकीची २.२ किलो होते. मग एका प्लेटला कोरडी मटकी साधारण ५५ ग्रॅम लागली. रेसिपीत कोरड्या मटकीपुढे कोणी १२० लिहिलं असेल, तर शंभर प्लेटमागे साडेपाच किलोऐवजी बारा किलो वजा होणार आणि साठा उणे जाणारच. हे २.२ मात्र आमच्या उदाहरणातलं आहे. तुमच्या मटकीचं प्रमाण तीन वेगवेगळ्या दिवशी वजनकाट्यावर काढा आणि सरासरी घ्या. उन्हाळ्यात आणि थंडीत मोड सारखे येत नाहीत, तेव्हा ऋतू बदलला की पुन्हा मोजा.

दुसरी गोष्ट तेलाचा डबा. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा वेगळे. एक लिटर खाद्यतेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरचा डबा १३.६५ किलोचा. खरेदीत तो '१५ किलो' म्हणून चढवला तर प्रत्येक डब्यामागे १.३५ किलो तेल कागदावरच गायब होतं. एपीएमसीतून (बाजार समितीतून) किंवा घाऊक दुकानातून येणाऱ्या प्रत्येक मालाचं एकक बघा. कोथिंबिरीची 'जुडी' हे तर एककच नव्हे. ती निवडून, वजन करून ग्रॅममध्ये चढवा. कांद्याचंही तसंच : सालं, देठ आणि सडका भाग काढल्यावर गोणीत किती उरतो ते तोलून 'निव्वळ' टक्केवारी सॉफ्टवेअरला द्या.

तिसरी गोष्ट जादा रस्सा. मिसळीच्या दुकानात तेल बहुतेक इथेच जातं. रस्सा दुसऱ्यांदा वाढला, वर तर्री घातली, त्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून ते बिलात येत नाही आणि साठ्यातून वजाही होत नाही. मेनूत शून्य रुपयांचा 'जादा रस्सा' हा पदार्थ तयार करा, त्याला १०० मिलिलिटर रश्शाची रेसिपी जोडा आणि वाढताना वेटरने तो टॅबवर दाबायचा असं ठरवा. गिऱ्हाइकाला द्यायचा रस्सा मुळीच कमी करू नका, फक्त मोजा. रस्सा स्वतः 'अर्धतयार माल' म्हणून नोंदवायचा : सकाळी वीस लिटरचं पातेलं उतरलं की त्याचं खोबरं, कांदा, मसाला, तेल एकदम वजा, आणि मग प्लेटमागे रश्शातून वजा. सकाळची ही नोंद राहिली तर दिवसभर रस्सा उणे दिसतो.

चौथी गोष्ट बाद तेल. वडे तळून काळं झालेलं तेल टाकता किंवा गोळा करणाऱ्याला देता, त्याची 'वाया' म्हणून नोंद हवी. तळणीच्या तेलातले एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तेव्हा तेल बदलणं म्हणजे नुकसान नव्हे, पण ते लिहिलं पाहिजे.

एवढं झाल्यावर रोज सगळा साठा मोजू नका, माणसं थकतात आणि अंदाजे आकडे भरतात. तेल, फरसाण, मटकी, पाव आणि लोणी हे पाचच रोज रात्री मोजा, बाकीचं आठवड्यातून एकदा. महिनाभरानंतरही तफावत एकाच मालात, एकाच पाळीत येत राहिली, तर मग विचारणा करा.

प्रश्न : घोडबंदर रोडवर फक्त पार्सलचं किचन आहे. दोन अ‍ॅपच्या ऑर्डर थेट बिलिंगमध्ये येतात. संपलेले पदार्थही विकले जातात आणि जीएसटी दोनदा लागतो असं वाटतं.

संपलेला पदार्थ बिलिंगमध्ये बंद केला, तरी अ‍ॅपवरच्या त्याच पदार्थाशी त्याचा कोड जुळलेला नसेल तर तो तिकडे चालूच राहतो. 'हाफ', 'फुल', 'कॉम्बो' यांचे कोड वेगळे असतात, आणि कोड जुळवायचा राहतो तो बहुधा कॉम्बोतलाच. यादी समोर ठेवून एकेक पदार्थ बंद करा आणि दुसऱ्या फोनवर अ‍ॅपमध्ये बघा. ऑर्डर आपोआप स्वीकारण्याची सोय गर्दीच्या वेळी चालू असेल तर तयारीची वेळही वाढवता आली पाहिजे, नाहीतर डिलिव्हरीवाला दारात उभा आणि भात शिजतोच आहे.

जीएसटीचं असं : १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून विकलेल्या उपाहारगृहाच्या जेवणावरचा कर अ‍ॅपची कंपनी भरते. तुम्ही त्याच विक्रीवर पुन्हा भरायचा नाही, पण जीएसटीच्या ३बी विवरणपत्रात ती ३.१.१ या तक्त्यात वेगळी दाखवायची. सॉफ्टवेअरमध्ये 'अ‍ॅप ऑर्डर' हा प्रकार वेगळा करून त्याचा अहवाल सीएला द्या. थेट फोनवरून येणाऱ्या ऑर्डर त्यात मिसळू देऊ नका.

प्रश्न : वाशीतल्या एका हॉटेलात क्यूआर स्कॅन केल्यावर मोबाइल नंबर दिल्याशिवाय मेनू उघडेना, आणि बिलात सेवाशुल्क आपोआप आलं. हे चालतं का?

मेनू वाचायला किंवा साधं बिल बनवायला मोबाइल नंबर लागत नाही. छापील मेनू मागा. सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते कायम ठेवलं. ते काढायला सांगा. नकार दिला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. हॉटेलमालकांनीही आपल्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सेवाशुल्क आपोआप लावण्याची सोय बंद आहे ना, हे आजच बघावं. आणि बिलावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक छापला जातो ना, तेही.

प्रश्न : कोपरखैरण्यात भांडी धुण्याचं यंत्र घेतलं. ताटं-वाट्यांवर पांढरी पूड राहते, काही वाट्यांना तेलकटपणा. यंत्र खराब आहे का?

दोन्हींची कारणं वेगळी आहेत. पांढरी पूड म्हणजे पाण्यातले क्षार. नवी मुंबई पालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं. अशा पाण्यात क्षार सहसा कमी असतात. टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळलं की पूड दिसू लागते. पाण्याचा जडपणा टीडीएस मीटरने (तो विरघळलेले सगळेच क्षार मिळून दाखवतो) कळत नाही, त्यासाठी थेंब टाकून रंग बघायचा हार्डनेस किट घ्या. पाणी जड निघालं तर सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवा आणि त्यात वेळेवर मीठ घाला. बसवलेला सॉफ्टनर मिठाविना नुसता उभा असेल तर पूड येणारच.

तेलकटपणा राहतो तेव्हा धुण्याचं पाणी पुरेसं गरम नसतं किंवा साबणाचा पंप बंद पडलेला असतो. धुण्याचं पाणी ५५ ते ६५ अंश आणि शेवटचं विसळण्याचं ८२ अंशांच्या आसपास हवं. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, जास्तीत जास्त तापमान धरून ठेवणारा थर्मामीटर रॅकमधून एकदा फिरवा. ८२ गाठतच नसेल तर हीटरला तिन्ही फेज मिळताहेत का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा आणि महावितरणकडचा मंजूर भार पुरेसा आहे का बघा.

वाट्या उपड्याच ठेवा, एकात एक नकोत. ताटातला भात आणि कढीपत्ता आधी कचऱ्यात झटका, कारण फवाऱ्याच्या बारीक भोकांत शीत अडकलं की त्या बाजूची भांडी तशीच निघतात. फवाऱ्याचे हात रोज रात्री काढून टाचणीने मोकळे करा, खालची जाळी दर पाळीला धुवा. पातेली, कढया आणि तवे या यंत्राचे नव्हेत, ते हातानेच घासायचे. म्हणून भांडीवाल्या मावशींना काढून टाकायचा बेत असेल तर तो सोडा. झटकणं, रॅक लावणं आणि जाळी धुणं रोज नीट करणारा माणूस लागतोच, आणि हे काम त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतं.