डबा आधी काढून ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. धुऱ्यावर उभा, मागे कमरेइतकी पऱ्हाटी आणि तोंडावर तो जुना गॅस मास्क. पत्रास कारण तोच फोटो. फोनवर घाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसलो. पण पुढचं वाचण्याआधी उठ, मास्कचा हवा गाळणारा डबा फिरवून वेगळा कर आणि त्याची दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद कर. यापुढे तो मास्क तोंडाला लावायचा नाही. का ते सांगतो.

आधी तुझ्या वस्तूबद्दल. विकणाऱ्याने तुला ‘दुसऱ्या महायुद्धातला जर्मन’ म्हणून दिला. तो जर्मन नाही आणि महायुद्धातलाही नाही. सगळं डोकं झाकणारं राखाडी रबर, दोन गोल काचा, नळी नाही, डबा थेट तोंडासमोर आट्यांवर बसवलेला. हा सोव्हिएत जीपी-५. तो १९६२ पासून बनू लागला, आणि तोही सैनिकासाठी नव्हे. अणुयुद्धाच्या भीतीच्या काळात साध्या नागरिकांना देण्यासाठी तो लाखांनी काढला. हनुवटीच्या रबरावर ० ते ४ मधला एक आकडा असेल, ते डोक्याचं माप. फसलो म्हणून हळहळू नकोस. जपून ठेवण्यासारखीच चीज आहे, फक्त तिला तिच्या खऱ्या नावाने ओळख. वहीत आजच लिही: काय, कुठून, किती तारखेला, किती रुपयांना, विकणाऱ्याने काय सांगितलं आणि तुला काय आढळलं. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेव.

माझा पहिला मास्क पुलगावच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. खाकी कॅनव्हासची झोळी होती, त्यात त्याने खिळे भरून ठेवले होते. झोळीच्या आतल्या बाजूला शिक्का होता, १९४१ आणि वर बाण. तो तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बाण इंग्रजी सी अक्षराच्या पोटात असेल तर माल कॅनडाचा. खिळे ओतले तेव्हा तळाशी मास्क निघाला. चेहऱ्याच्या रबरावर खाकी विणीचं कापड, नाकापासून निघालेली वळ्यावळ्यांची नळी आणि तिच्या टोकाला जड डबा. छातीवर झोळी बांधायची, डबा झोळीतच राहायचा. एका कोपऱ्यात चपटी डबी होती, आगपेटीहून थोडी मोठी. उघडली तर आत घडी घातलेलं तेलकट फडकं. काचांवर श्वासाची वाफ धरू नये म्हणून ते आतून पुसायचं. काचा धुरकटल्या की समोरचं दिसत नाही आणि मास्क काढला की जीव जातो. ती डबी हातात धरली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे कोणीतरी खरंच घातलं असेल.

आणि मग मी मूर्खपणा केला. डब्यात काय आहे ते पाहायला ओट्यावर बसून छिन्नीने तो फोडला. काळा दाणेदार कोळसा सांडला आणि कापसासारखा दाबलेला एक थर निघाला. तो मी बोटांनी पिंजून पाहिला. माझी लेक तेव्हा चार वर्षांची, ती मांडीवर होती. तो थर काय असतो हे मला कित्येक वर्षांनी कळलं. त्या काळच्या ब्रिटिश लष्करी डब्यांच्या गाळणीत निळं ॲस्बेस्टॉस, म्हणजे बारीक धाग्यांचं एक खनिज, घालत. युद्धात ब्रिटनमधल्या कारखान्यांत हे डबे भरणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी पुढे तीस-चाळीस वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने गेल्या. तो धागा डोळ्यांना दिसत नाही, एकदा आत गेला की बाहेर येत नाही. लेक आता संसारात आहे, ठणठणीत आहे. पण ती खोकली की आजही माझं लक्ष तिकडे जातं. तुझ्या सोव्हिएत डब्यातही तेच आहे असं समजूनच वाग. हलवून आवाज ऐकायचा नाही, फुंकायचा नाही, उघडायचा तर नाहीच. दोन जाड प्लास्टिक पिशव्या, वर चिठ्ठी आणि लहान पोरांच्या हाताला लागणार नाही अशी जागा.

आता तुझ्या पत्रातली ती एक ओळ, जिने माझी झोप गेली. ‘बाबा म्हणतात फवारणीला कामी येईल.’

बाबांना हे पत्र वाचून दाखव. मास्कमधला कोळसा साधा नसतो. त्याला इतकी बारीक भोकं पाडलेली असतात की एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडल्या तर पाव एकर जमीन झाकतील. वायू त्या भिंतींना चिकटून राहतो आणि आपल्याला स्वच्छ हवा मिळते. पण त्या भिंती कशानेही भरतात, पावसाळ्यातल्या नुसत्या दमट हवेनेसुद्धा. झाकण निघालेला, पन्नास-साठ वर्षांचा डबा म्हणजे भरलेलं गोदाम. त्यातून वास कमी आला तरी विष अडतंच असं नाही, आणि माणूस निर्धास्त होऊन वाऱ्याची दिशा बघणं सोडतो. त्यात ॲस्बेस्टॉसचं वेगळंच. २०१७ च्या हंगामात तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तुला ते वर्ष माझ्याहून जवळून ठाऊक आहे. पऱ्हाटी उंच होती, फवारा अंगावर येत होता आणि विष कातडीतूनही जात होतं.

कातडीची ही गोष्ट सैन्याला फार आधी कळली होती, आणि ती आपल्याच लोकांच्या अंगावर कळली. १९३० च्या दशकापासून पुढे दहाएक वर्षं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत हिंदी शिपायांवर मस्टर्ड वायूच्या चाचण्या केल्या. तोंडाला मास्क, अंगात अर्धी चड्डी आणि सुती सदरा. श्वास वाचला, कातडी भाजली. मास्क जमवणाऱ्याला हे माहीत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. फवारणीसाठी बाबांना कृषी केंद्रातून आजच्या तारखेचा, रासायनिक वाफेसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क घेऊन दे, सोबत हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. तुझ्या पुढच्या खरेदीचे पैसे त्यात घाल.

मास्कच नव्हते तेव्हाचीही एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन हा विषारी वायू सोडला. चार दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची तुकडी, तिथे हल्ल्यात उतरली, तेव्हा ओल्या कापडावर भागवावं लागलं. जमादार मीर दस्त यांनी वायूतून उरलेली माणसं गोळा केली, आठ जखमी अधिकाऱ्यांना उचलून आणण्यात हात दिला, स्वतःलाही वायू लागला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. रसायनात बुडवलेल्या, डोक्यावरून घालायच्या फ्लॅनेलच्या पिशव्या नंतर आल्या आणि नळी-डब्याचा मास्क १९१६ मध्ये. एखादी फ्लॅनेलची पिशवी कधी दिसली तर हात लावण्याआधी मला कळव.

ठेवायचं कसं, तर आपल्या उन्हाचा विचार करून. टिनाखालच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत मुळीच नको. मे महिन्यात तिथे रबर चिकटतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तडकतं. मातीच्या भिंतीची, अंधारी, कोरडी खोली सगळ्यात चांगली. घडी घालू नकोस, आत स्वच्छ सुती कापड भरून चेहऱ्याचा आकार राहू दे. चामड्याला चोळतो तसं तेल रबराला लावायचं नाही, रॉकेलने पुसायचं नाही. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळव, बस. आणि जुन्या मास्कच्या पारदर्शक खिडकीला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर तो मास्क बाकीच्यांपासून लगेच दूर ठेव, ते प्लास्टिक कुजायला लागलेलं असतं.

भंगारात शोधत इकडे येशील, तेव्हा एक अट. मास्क, झोळी, बाटली, पट्टे यांच्यापलीकडे हात लावायचा नाही. पितळेचा तुकडा कितीही रिकामा दिसला तरी नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्या पुलगावजवळच्या सोनेगाव आबाजीच्या माळावर जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, त्यात आसपासच्या गावातले मजूर गेले. त्या घरांवरून मी अजून जातो-येतो. आणि जे घेशील त्याची पावती घे. लिलावातून सुटलेला माल असेल तर विकणाऱ्याकडे कागद असतो.

तान्ह्या पोळ्याला ये. मास्क आण, डबा घरीच राहू दे. आतल्या झडपेजवळचा शिक्का भिंगाखाली बघू, आणि येताना हनुवटीवरचा आकडा वहीत लिहून आण.

तुझा,
काका