फाउंटन पेनांचा संग्रह कसा ठेवावा?

प्रश्न : माझ्या संग्रहात ४० फाउंटन पेने आहेत आणि ती सर्व एकाच खोक्यात ठेवली आहेत. त्यांपैकी चार-पाचच मी वापरतो. एबोनाइटच्या काही जुन्या पेनांचा काळा रंग तपकिरी होऊ लागला आहे. काय करावे?

उत्तर : एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेले रबर. प्रकाश आणि ओलावा यांमुळे त्याचा पृष्ठभाग तपकिरी होत जातो, म्हणून ही पेने कोरड्या, बंद खणात ठेवावीत आणि गरम पाण्याने कधीही धुऊ नयेत. पॉलिश करून रंग परत आणता येतो, पण त्यात वरचा थर व कोरीव नक्षी झिजते. माझ्या मते जुन्या पेनाचा तपकिरीपणा तसाच राहू द्यावा. याच गंधकामुळे चांदीची पेने काळवंडतात, तेव्हा ती वेगळी ठेवावीत.

जुन्या सेल्युलॉइडच्या पेनांकडे मात्र विशेष लक्ष द्या. हे जुन्या प्रकारचे प्लास्टिक विघटित होताना आम्लयुक्त वायू सोडते आणि हवाबंद डब्यात तो साठून शेजारच्या पेनांचे धातूचे भागही गंजवतो, म्हणून त्यांना हवा खेळती राहील असा स्वतंत्र खण हवा.

वापरातली पेने निब वर करून उभी ठेवावीत. उरलेली साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, पूर्ण वाळवून, कापडी अस्तराच्या कप्प्यांत आडवी ठेवावीत. कोणत्या पेनात कोणती शाई कधी भरली, याची तारखेसह नोंद एका वहीत अवश्य ठेवा.