शंकासमाधान : तो कपॅसिटर काढला तर काय बिघडतं?

प्रश्न : 555 (पल्स देणारा टायमर आयसी) आणि 4017 (ते पल्स मोजून एकेक आउटपुट चालू करणारा काउंटर आयसी) वापरून दहा एलईडींचा रनिंग लाइट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर) केला. सप्लाय 9 व्होल्टच्या बॅटरीचा. एलईडी ओळीने न लागता मधूनच एखादा गाळून पुढे जातो. मल्टिमीटर बरोबर 9 व्होल्ट दाखवतो. आकृतीत सप्लायच्या प्लस-मायनसला आडवा 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, पण कपॅसिटरमधून डीसी जातच नाही, म्हणून तो लावला नाही. चूक कुठे असेल?
— एक डिप्लोमा विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : डीसी जात नाही हे खरंच. म्हणून तर तो बिनघोर आडवा लावता येतो. तो भरून बसतो आणि वेळ आली की देतो. नळाला पाणी असलं तरी ओट्यावर तांब्या भरून ठेवतात, तसा.

वेळ येते ती 555 मुळे. साध्या (कमी करंट घेणाऱ्या सीमॉस प्रकारच्या नसलेल्या) 555 चं आउटपुट पालटताना आतले वरचे-खालचे ट्रान्झिस्टर क्षणभर एकदमच चालू असतात. मायक्रोसेकंदाच्या अंशभर वेळात आयसी शेकडो मिलीअँपिअर ओढतो. तो करंट बॅटरीकडून येणार तुमच्या लांबलचक जंपर तारांमधून. तारेचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा तिचा विरोध) ढोबळमानाने सेंटिमीटरला 10 नॅनोहेन्री धरा. जाऊन-येऊन 30 सेंटिमीटर तार म्हणजे 300 नॅनोहेन्री. 300 मिलीअँपिअरची उडी 50 नॅनोसेकंदांत झाली, तर तारेवरच 1.8 व्होल्ट पडतात! सप्लाय असा हिसका खातो, तेव्हा 4017 ला एका पल्सचे दोन वाटू शकतात, आणि एक एलईडी गाळला जातो. मल्टिमीटर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो, त्याला यातलं काही दिसत नाही. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे झटपट बदल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावलात तर दिसेल.

आता 104 छापलेला सिरॅमिक कपॅसिटर आणा. 10 पुढे चार शून्यं, इतके पिकोफॅरड, म्हणजेच 0.1 मायक्रोफॅरड. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. एक कशाला, मूठभरच घ्या. 555 च्या पिन 8 आणि 1 मध्ये एक, 4017 च्या 16 आणि 8 मध्ये दुसरा. पाय कापून आखूड करा आणि आयसीला खेटून लावा. बॅटरीच्या क्लिपजवळ लावलात तर मधली तार तशीच राहते, मग फायदा फारसा नाही. (छापील आकृत्यांत तो कुठेतरी कोपऱ्यात काढतात, त्यामुळे मुलंही कोपऱ्यातच लावतात. हा दोष आकृती काढणाऱ्यांचा.)

जोडीला 555 जवळ 100 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक द्या. पट्टी असलेली बाजू मायनसला. बॅटरी उतरू लागली की तो उपयोगी पडतो. पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका, इतक्या झटपट मागणीला तो सुस्त आहे. 555 च्या पिन 5 वरून मायनसला 103 चा कपॅसिटर लावला नसेल, तर तोही लावा.

मात्र आधी एक गोष्ट तपासा. बोर्डाजवळ हात नेल्यावर एलईडींची चाल बदलते का? बदलत असेल तर 4017 ची पिन 13 किंवा 15 अधांतरी सुटलेली असेल. दहाही एलईडी चालवायचे तर दोन्ही मायनसला जोडायच्या. आणि ब्रेडबोर्ड मोठा असेल तर त्याच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मध्यावर तुटक आहेत का, तेही पाहा.