नाल्यावरचा लोखंडी पूल: रंगाआधी काय पाहावं?

प्रश्न: गावच्या नाल्यावर रिव्हेटचा (डोकं ठोकून बसवलेल्या लोखंडी खिळ्यांचा) जुना कैचीपूल, म्हणजे त्रिकोणी सांगाड्याचा पूल आहे. रंगवण्याआधी काय तपासावं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: आधी खालच्या सांध्यांतली माती खरवडून काढा. तिथेच ओल धरते आणि पत्र्यांमधला गंज फुगून पत्रे फाकवतो. रिव्हेटच्या डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवा, दुसरीकडून हलका हातोडा मारा. थरथर जाणवली तर रिव्हेट ढिला समजा. तिथे वेल्डिंग नकोच, जुन्या लोखंडाला तडे जातात. अभियंत्याच्या देखरेखीखाली उच्च ताकदीचा बोल्ट बसवून घ्या.

पुलाचं टोक ज्यांवर सरकतं ते रोलर मात्र विसरू नका! पहाटेची थंडी आणि मे महिन्यातलं आपलं ऊन यांत 40 अंशांचा फरक धरला, तर 30 मीटरचा गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) सुमारे 14 मिलिमीटर लांबतो. रोलर चिखलमातीने जाम असले की तो सगळा रेटा दगडी खांबावर येतो.