फोन नाही तर ईमेल, पण एक तरी हवाच

प्रश्न : दादरच्या एका वधूवर सूचक मंडळासाठी मी स्थळांची माहिती एक्सएमएलमध्ये (खुणांनी बांधलेल्या मजकुराच्या फायलींत) ठेवतो. फोन किंवा ईमेल, एक तरी हवाच. दोन्ही असले तर उत्तम. स्कीमात (फायलीत काय हवं याच्या नियमावलीत) दोन्हींना मिनऑकर्स (किमान किती वेळा यावं तो आकडा) ० दिलं, तर परवा एक स्थळ दोन्हींशिवायच आत शिरलं. मुलीचे वडील विचारतात, मुलाकडच्यांना गाठायचं कुठे? मग चॉइसमध्ये (दिलेल्यांपैकी एकच निवडायचा अशा गटात) तीन पर्याय दिले : फोन, फोन आणि ईमेल, ईमेल. आता स्कीमाच चालेना. (वाचक, परळ)

उत्तर : मोजलेत बरोबर. पण तुमचे पहिले दोन्ही पर्याय फोननेच सुरू होतात. फोन दिसला की तो कुठल्या पर्यायातला हे पुढचं न वाचता, तिथल्या तिथे ठरलं पाहिजे, असा एक्सएसडीचा, म्हणजे तुमचा स्कीमा ज्या भाषेत आहे तिचा, नियम आहे. नुसतं ‘दादर’ म्हटलं तर टॅक्सीवाला निदान विचारतो, ईस्ट की वेस्ट? फायली वाचणारा पार्सर विचारत बसत नाही, स्कीमाच परत करतो.

दोनच पर्याय ठेवा. पहिला सीक्वेन्स (ठरलेल्या क्रमाचा गट) : फोन, त्यामागे मिनऑकर्स ० असलेला ईमेल. दुसरा : नुसता ईमेल. फोनला मिनऑकर्स लिहूच नका, न लिहिल्यास १ धरतात. आणि खुद्द चॉइसला ० देऊ नका, नाहीतर तो सगळाच ऐच्छिक होतो. मी एकदा दिलं होतं. अंधेरीच्या ऑफिसात शेवटची लोकल चुकेपर्यंत आतले एलिमेंट तपासत बसलो, आणि शून्य होतं बाहेर.

यात फोन आधीच यावा लागतो. क्रम मोकळा हवा असेल तर दुसऱ्या पर्यायातही ईमेलमागे ऐच्छिक फोन जोडा. दोघांपुरतं हे ठीक. उद्या मंडळाने व्हॉट्सअ‍ॅपची भर घातली, की ‘तिघांपैकी एक तरी, कुठल्याही क्रमाने’ याच्या १५ मांडण्या होतात. त्या फांद्या हाताने लिहू नका. २०१२ साली आलेल्या एक्सएसडी १.१ मध्ये असर्ट (अट घालायची सोय) आहे : ऑलमध्ये (क्रम कसाही चालणाऱ्या गटात) सगळे ऐच्छिक ठेवायचे आणि ‘फोन ऑर ईमेल ऑर व्हॉट्सअ‍ॅप’ एवढी एक अट लिहायची. मात्र मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या अंगच्या व्हॅलिडेटरला (स्कीमाप्रमाणे फाइल तपासणाऱ्याला) एक्सएसडी १.० पलीकडचं कळत नाही. जावा भाषेवाले असाल तर झर्सिस या पार्सरची एक्सएसडी १.१ कळणारी आवृत्ती घ्या.

मंडळाकडे पाठवण्याआधी चार फायली चालवून बघा. तिघींत तुमचेच तीन पर्याय, चौथीत फोनही नको, ईमेलही नको. ती नापासच झाली पाहिजे.