१९७१ च्या युद्धात सोलापुरातल्या छोट्या कॉलेजात विद्यार्थ्यांचं वार्तापत्र कसं निघायचं? त्यात देशभक्तीच्या कविताच असायच्या का?

प्रश्नाचा दुसरा भाग मनाला लागला, म्हणून लिहितोय. कविता असायच्या. पण कवितेसाठी कोणी रात्र जागून स्टेन्सिल कापत नव्हतं. जागरण व्हायचं ते बातमीसाठी.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. एवढ्या वेळात कॉलेजचं वार्षिक नियतकालिक काय सांगणार? छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून छापून घ्यायला ना पैसे, ना सवड. म्हणून सायक्लोस्टाइल: मेणाच्या कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, अक्षरं कापायची आणि त्यातून शाई दाबून प्रती काढायच्या. परीक्षेच्या पेपरांसाठी ऑफिसात एक यंत्र असायचं, तेच शिपायाच्या हातापाया पडून मिळवायचं.

काम वाटतं तेवढं सोपं नाही. टाइपरायटरची रिबन बाजूला करून टाइप थेट स्टेन्सिलवर मारायचा. त्याआधी टाइप ब्रशने स्वच्छ करायचे, नाहीतर जोडाक्षरांत साचलेली शाई मेणात बसते आणि अक्षर कापलंच जात नाही. ठ, ढ, छ, व यांवर हात हलका ठेवायचा. जोरात मारलं की आतला गोल तुकडा निघून पडतो आणि छपाईत तिथे काळा ठिपका येतो. मराठी टाइपरायटर नसेल तर लोखंडी टोकाच्या लेखणीने हाताने लिहायचं. त्यात शिरोरेषेचा त्रास मोठा. ओळभर सलग रेघ ओढली तर स्टेन्सिल तिथेच फाटतं, म्हणून शब्दागणिक हात उचलायचा. चूक झाली तर दुरुस्तीचं लाल द्रावण लावायचं, पण आधी स्टेन्सिल आणि मागचा कागद यांच्यामध्ये पेन्सिल सरकवायची. नाहीतर दोन्ही चिकटतात आणि पान पुन्हा पहिल्यापासून. द्रावण पूर्ण वाळू द्यायचं आणि मग हलक्या हाताने अक्षर मारायचं. मजकूर आखलेल्या चौकटीतच हवा, बाहेर गेला की कडेने शाई गळते.

कागद शाई पिणारा, खरखरीत घ्यायचा. गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही आणि वरच्या पानाच्या पाठीवर उमटते. सुरुवातीच्या प्रती रद्दीवर काढायच्या. एक बाजू छापून रात्रभर वाळत ठेवायची, दुसरी सकाळी. नीट कापलेल्या एका स्टेन्सिलवर काहीशे प्रती सहज निघतात, छोट्या कॉलेजला तेवढ्या पुरतात.

आता बातमी. रात्री नऊच्या आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या दोघांनी ऐकायच्या, एकाने एक वाक्य घ्यायचं, दुसऱ्याने पुढचं, आणि लगेच ताळा करायचा. पाडलेली विमानं, बुडालेली जहाजं, यांतला कुठलाही आकडा ‘कोणी सांगितला, किती वाजता’ याशिवाय छापायचा नाही. सोलापूर मुंबई-मद्रास मार्गावरचं स्टेशन. लष्कराची गाडी कुठल्या दिशेने गेली हे पोरं डोळ्यांनी बघून येत. ते कितीही खरं असलं तरी छापायचं नाही. भारत संरक्षण कायदा लगेच लागू झाला होता, पण कायदा नसता तरी हेच योग्य होतं.

आमच्या एका सरांचं म्हणणं असं की युद्धात मुलांनी स्फूर्तिगीतं लिहावीत, बातम्यांना दैनिकं आहेत. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दैनिक ढाक्याचं सांगेल. पण १५ नोव्हेंबरपासून पाकिटावर ५ पैशांचं शरणार्थी सहायतेचं जादा तिकीट का लागतं, हे वसतिगृहातल्या मुलाला कोण सांगणार? घरी नॉटपेड पत्र, म्हणजे कमी तिकिटाचे पैसे घरच्यांना भरावे लागणारं पत्र, जायला नको म्हणून त्याला ते कळायला हवं. आपली कॉलेजं तेव्हा शिवाजी विद्यापीठाखाली, त्यामुळे ‘परीक्षा पुढे ढकलल्या’ अशी अफवा उठली की खात्री कोल्हापूरहूनच व्हायची. ती करून नोटीस क्रमांकासकट छापणं हे शंभर कवितांपेक्षा देशाच्या जास्त कामाचं होतं. रक्तदान कुठे, किती वाजता, उपाशीपोटी जाऊ नका, हेही तसंच. आणि हे सोलापूर आहे. १९३० च्या मार्शल लॉनंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. त्यांच्या गावात मुलांना ‘बातमी तुमचं काम नाही’ म्हणणं मला सहन होत नाही.

तुम्ही आज असं काही काढणार असाल तर युद्धाची बातमी करू नका, युद्धामुळे तुमच्या आवारात काय बदललं त्याची करा. कविता शेवटच्या पानावर घ्या, जागा उरली तर. जवानाच्या घरी मुलाखतीला गेलात तर त्याची पलटण, ठिकाण आणि घरचा पत्ता तिन्ही गाळा.

एक सांगायचं राहिलं. छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्यात छपाईच्या व्याख्येत सायक्लोस्टाइलही धरलेलं होतं, म्हणून खाली मुद्रकाचं नाव आणि ठिकाण टाकावं लागे. मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा लागू आहे, तेव्हा नियमित अंक काढण्याआधी तो प्राचार्यांबरोबर बसून वाचा. आणि जुने अंक हाती लागले तर आधी गंजलेल्या टाचण्या काढा, पानं सपाट ठेवा आणि मग फोटो घ्या.